हँडल जड लागलं तर

जर्मनीतल्या श्वाबेनच्या डोंगरपठारावर, गुहेच्या तोंडाशी, त्रूडे हेगले घडीच्या स्टुलावर बसून लोणी लावलेला पाव खात होती. तिचा मुलगा एबरहार्ट आणि त्याचा मित्र हेल्मार मोजमापं घ्यायला सकाळीच आत उतरले होते. रविवारी सगळे चर्चला जातात, आमचा चिखलात लोळायला जातो, असं ती शेजारणींना सांगायची.

पायाशी टेलिफोनची काळी पेटी होती. तिचा नवरा गोटलोब लढाईत टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होता. परतताना पदक वगैरे नाही, अशा दोन पेट्या तेवढ्या घेऊन आला. दुसरी आत, पोरांजवळ होती. इकडे हँडल फिरवलं की तिकडे घंटी वाजायची.

"हँडल जड लागलं तर पलीकडे कोणीतरी जोडलेलं आहे," तो सांगायचा. "हलकं फिरलं तर समज, तार तुटली." बोलण्याआधी रिसीव्हरमध्ये दोनदा फुंकायची त्याची खोड होती. त्याला जाऊन आता वर्ष झालं होतं.

तीनच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. वाटेकडेचा ओढा बघता बघता गढूळ झाला. तो पुढे जमिनीत शिरतो आणि थेट गुहेत उतरतो. तासाभरात आतली अरुंद वाट बुडणार, हे त्रूडेला ठाऊक होतं. तिने घाईघाईने हँडल धरलं.

हलकं. अगदी हलकं फिरलं.

गाव तासाभराच्या वाटेवर आणि तिचे गुडघे दुखरे. तरी ती फिरवतच राहिली, तीन लांब, तीन लांब. असेल तसे वर या, अशी ती खूण ठरली होती.

"एबर... ऐकतोयस का रे?"

तिने रिसीव्हर खाली ठेवला. आणि मग तिच्याच पेटीची घंटी वाजली.

तिने रिसीव्हर कानाला लावला. आत पाणी ठिबकत होतं. मग कोणीतरी हळूच फुंकलं. फू... फू...

"गोटलोब..." ती कुजबुजली. "पोरं आत आहेत. पाणी आलंय."

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला.

अर्ध्या तासाने चिखलाने माखलेली दोन डोकी वर आली. त्रूडेने दोघांना मिठी मारली, मग दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला, आणि मग कुठे तिच्या जीवात जीव आला.

"हात नाही का गं दुखला, आई?" एबरहार्ट धापा टाकत हसला. "घंटी थांबेचना! हेल्मार म्हणाला, तुझी आई भांडायला उठलीय, चल निघू. बाहेर पडताना पाणी छातीला लागलं."

"आणि तार?"

"ती दगडाखाली तुटलीय, येताना पाहिली. तू वाजवल्यानंतर तुटली असणार."

"असणार," त्रूडे म्हणाली आणि डोळे पुसले.

संध्याकाळी पोरं शेगडीपाशी गरम सूप भुरकत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी पुसून ठेवली होती. तिला एकही तार जोडलेली नव्हती. त्रूडेने सहज हँडल फिरवलं.

जड लागलं.

तिने रिसीव्हर उचलला, दोनदा फुंकलं आणि हळूच म्हणाली, "घरी आलीत दोघं. जेवतायत."

मग हँडल हलकं झालं.