दुसरा कप्पा

"भिंतीवरचा कागद परत वाच," आयला म्हणाली. "एकेक अक्षर, सावकाश."

तिचा मित्र ड्यूई याने वाचनालयाच्या भिंतीवर चिकटवलेली वायरलेसची किल्ली, म्हणजे पासवर्ड, पुन्हा वाचून दाखवली. आयलाने ती लॅपटॉपमध्ये भरली. लॅपटॉप जोडला गेला, पण पुढे ढिम्म.

नाताळची सुट्टी लागली आणि वादळाने गावातल्या फोनच्या तारा तोडल्या. नेट उरलं होतं ते फक्त वाचनालयात, छपरावरच्या उपग्रहाच्या तबकडीमुळे. आयलाची आई सैन्यात परिचारिका होती, दूर परदेशात. आज दुपारपर्यंत ती संगणकासमोर असणार होती. मग तिची तुकडी हलणार, आणि बर्फ वितळेपर्यंत तिचा निरोप येणार नव्हता. तिचा धाकटा भाऊ एरो खिडकीशी बसून करडं सरोवर बघत होता.

"त्यात विंडोज टाका," पेल्कोनेनकाका पलीकडच्या टेबलावरून म्हणाले. वाचनालयाचं वायरलेस त्यांनीच फुकटात बसवलं होतं. "ते पेंग्विनवालं लिनक्स इथे नाही चालायचं. माझा बघा कसा पळतोय."

"आईने टाकलंय ते," एरो खिडकीकडे बघतच म्हणाला. "काढायचं नाही."

"काका, तुमच्या लॅपटॉपवरून दोन ओळी लिहू?" ड्यूईने विचारलं.

"मागच्या वेळी तू कळफलकावर कोको सांडलास."

"अर्धाच कप होता."

आयलाने पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून आज्ञा दिली. आकड्यांची रांग आली. थोड्या वेळाने तिने तीच आज्ञा पुन्हा दिली.

"हे बघ. न उलगडलेल्या पाकिटांचा आकडा वाढतोय. म्हणजे हवेतून संदेश येतायत, पण आपल्या किल्लीने उघडत नाहीत."

"मग कागदावरची किल्ली खोटी?"

"किंवा आपण ती भलत्या जागी ठेवलीय. या वायरलेसमध्ये किल्ल्यांना चार कप्पे असतात. आपण काही सांगितलं नाही, की लॅपटॉप पहिलाच धरतो."

तिची नजर काकांच्या वायरीवर गेली. वायर पावाच्या पिशवीच्या जुन्या चिमट्याने बांधलेली होती. काकांच्या कोटाच्या खिशात तसे आणखी कितीतरी असणार. इथे कोणी काही फेकत नसे. काका तर वाकडे खिळेही ठोकून सरळ करत.

"काका, थँक्सगिव्हिंगच्या सणाला किल्ली बदललीत, तेव्हा जुनीचं काय केलंत?"

"आहे की. चांगली किल्ली पुसायची कशाला? कधी लागली तर?"

"पहिल्याच कप्प्यात आहे?"

"हो."

"मग नवी कुठे ठेवलीत?"

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. "दुसऱ्या कप्प्यात," ते हळूच म्हणाले. "आणि कागदावर ते लिहायचं राहिलं."

आयलाने किल्ली दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि तोच कप्पा वापरायला सांगितलं. आकडा थांबला. पडद्यावर आईची ओळ उमटली: 'आहात का? मला निघायचंय.'

आयलाने लॅपटॉप एरोपुढे सरकवला. त्याने एका बोटाने लिहिलं, 'दात पडला. तू येईपर्यंत ठेवलाय.'

उत्तर यायला वेळ लागला. 'नीट ठेव. मी येते.' मग आईच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

एरो ती ओळ वाचत राहिला.

"लिनक्सला उगाच बोल लावला मी," काका आयलाला म्हणाले. "चूक माझी, आणि ती तू शोधलीस. यापुढे किल्ली बदलताना तुला शेजारी बसवीन."

त्यांनी भिंतीवरचा कागद काढला, उलटवला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'कप्पा दुसरा'.