वीस वर्षांचं पदक

पाडव्याआधी घर आवरताना रेश्माने भिंतीवरची काचेची पेटी उतरवली. तिच्यात तिच्या नवऱ्याची, गोरक्षची, पदकं होती. जामखेडच्या धुळीने काच मातकट झाली होती.

पदकं तीन. पहिलं अंदमानच्या नेमणुकीचं; तेव्हा गोरक्षला धड मिशीही फुटली नव्हती. दुसरं परदेशातल्या कामगिरीचं. तिसरं नौदलातल्या नऊ वर्षांचं. ते छातीवर लावून त्याने रेश्मासोबत फोटो काढून घेतला होता. चौथं वीस वर्षं भरल्यावर मिळायचं होतं. "ते मिळालं की कायमचा घरी," म्हणायचा. तेराव्या वर्षी वादळात एक लाट त्याला डेकवरून घेऊन गेली. खूप शोधलं. हाती काही लागलं नाही.

त्यानंतर सात वर्षं रेश्मा सासूजवळच राहिली. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायची नोकरी करू लागली. शेवटी सासूनेच, राहीबाईंनी, तिच्यासाठी कर्जतचे सुनील मास्तर पाहिले. लग्न पाडव्यानंतरच्या आठवड्यात होतं.

काच पुसता पुसता रेश्मा थबकली. आतल्या पट्टीवर चार पदकं होती.

पेटीचं कुलूप गंजून बसलेलं. ते तिने हातोडीने तोडलं. चौथं पदक हाताला गार लागलं, फीत ओली होती. कडेवर गोरक्षचा नंबर होता, नाव होतं. हुद्दा मात्र एक पायरी वरचा.

तिने सैनिक कार्यालयात फोन केला. "बाई, गेलेल्या माणसाला हे मिळत नसतं," पलीकडचा माणूस हळुवारपणे म्हणाला.

रेश्माने पदक सासूपुढे धरलं. राहीबाईंनी ते पदराने पुसलं, पण फीत काही सुकेना.

"भरली व्हय गं वीस वर्सं?"

"आत्या, कुणीतरी चेष्टा केलीय."

"कोन करंल?" म्हातारीने पदक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, "मास्तरला सांग, थोडं थांबा म्हनावं."

"कशासाठी?"

राहीबाई ओली फीत पुन्हा पुसू लागल्या.

रेश्मा मास्तरांना काही बोलली नाही. रोज कामावर जात राहिली. नमुने तपासताना मध्येच तिला ओल्या दोरखंडाचा वास यायचा. गोरक्ष सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेला यायचा, तसाच. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. बाहेर रखरखीत ऊन असायचं. तिला रडू यायचं, आणि आपण नेमकं कशासाठी रडतोय ते कळायचं नाही.

शनिवारी दुपारी ती घरी आली. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारापुढे राहीबाई फरशीवर बसल्या होत्या. हातात फडकं.

"आत्या, काय सांडलं?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

पिशवीतला मोबाईल वाजू लागला. सुनील मास्तर. रेश्माने तो बंद केला.

दाराआड कुणीतरी झोपेत दात खात होतं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

तिने कडीकडे हात नेला. तो तिथंच राहिला.

दाराखालून पाणी येत होतं. राहीबाई ते टिपून बादलीत पिळत होत्या. बादलीत शेवाळ तरंगत होतं. शेवाळात आखूड केस अडकले होते. काळेच होते. फक्त दोन-तीन पांढरे झाले होते.