नारिंगी छत्रीखालची चेरी

नदीवर पोहायला जायचा बेत चौकातल्या पोस्टरनं मोडला. दुकानांच्या काचांवर चेरी महोत्सवाची पोस्टरं सकाळीच लागली होती आणि बेकरीसमोर घोळका हसत उभा होता. पोस्टरवरच्या टोपलीतल्या चेरी चक्क जांभळ्या दिसत होत्या. टोपली धरलेल्या मुलीचा चेहरा तर थंडीनं काकडल्यासारखा!

"यंदा आलुबुखाराचा महोत्सव आहे वाटतं," टिलेन म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. पोस्टर नेझाच्या बाबांच्या छापखान्यातलं होतं.

टिलेन नेझाचा मामेभाऊ, सुट्टीला आलेला. शेजारची ब्रिना त्यांच्या टोळीतली तिसरी. तिघं तडक छापखान्यात गेली.

महोत्सवाच्या चिटणीस झोरकाबाई नुकत्याच तणतणत बाहेर पडल्या होत्या. आपण सही केली ती लालभडक चेरीवर, असं त्या शपथेवर सांगत होत्या. पुढचं काम शहरातल्या छापखान्याला द्यायचं, हेही संध्याकाळच्या बैठकीत ठरणार होतं. पण बाबांना त्याचं फारसं वाटत नव्हतं. ते यंत्र पुसत बसले होते.

नेझानं विचारलं तेव्हा त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पहिला नमुना त्यांना अगदी योग्य वाटला होता. झोरकाबाई म्हणाल्या, चेरी टोमॅटोसारखी दिसते, पिवळा कमी करा. त्यांनी केला. दुसऱ्या नमुन्यावरही तेच. तिसऱ्यावर मात्र त्या खूश होऊन सही करून गेल्या. बाबांना तो जांभळट दिसत होता, तरी ते बोलले नाहीत.

"का नाही बोललात?"

"त्यांना लाल दिसतं आणि मला जांभळं, तर चूक कुणाची? डोळे म्हातारे होतात, नेझा. ज्याला रंग दिसत नाही त्यानं रंगीत छपाई करू नये. यंत्र विकून टाकावं म्हणतो."

नेझाला ते पटेना. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, एवढ्या चार शायांतून बाबा पिकलेल्या जर्दाळूची लव काढत. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. एकाचं दुसऱ्यात नीट भाषांतर करावं लागतं, असं ते म्हणत. त्यांच्याइतकं अचूक भाषांतर तिनं कुणाचंच पाहिलं नव्हतं.

नमुने पाहायची जागा कोपऱ्यात होती. राखाडी भिंती, वर दिवसाच्या उजेडासारखा दिवा. ब्रिना तिन्ही नमुने पाहायला वाकली, तसे बाबा सवयीनं म्हणाले, "मागे हो, बाळ. तुझ्या सदऱ्याचा पिवळा कागदावर पडतोय."

नेझा थबकली. सदऱ्याचा एवढा परिणाम होत असेल तर?

"बाबा, झोरकाबाईंनी नमुने पाहिले कुठे?"

"कुठे म्हणजे? कॉफी प्यायला नेले." या गावात कॉफी झाल्याशिवाय कुणी कशावर सही करत नाही. बाबा मात्र काम सोडून कधी कॅफेत जात नसत.

"आणि कॅफेतल्या टेबलांवरच्या छत्र्या यंदा बदलल्यात," नेझा टिलेनच्या कानात म्हणाली. "पांढऱ्याच्या नारिंगी."

तासाभरानं झोरकाबाई नेहमीच्या टेबलाशी बसल्या होत्या. नेझानं दुकानाच्या काचेवरचंच एक पोस्टर आणून अदबीनं त्यांच्यापुढे पसरलं आणि हे कसं वाटतं ते विचारलं. ब्रिनानं बाबांना हाताला धरून कॅफेपर्यंत ओढत आणलं होतं.

झोरकाबाईंनी चष्मा चढवला. "हं! ही माझी चेरी. आधीच अशी छापली असती तर?"

"नक्की ना?"

"अगं, मी काय आंधळी आहे?"

नेझानं मानेनं खूण केली. टिलेननं छत्रीचा दांडा गरागरा फिरवला, छत्री मिटली आणि टेबलावर स्वच्छ ऊन पडलं.

टोपलीत आलुबुखार होते.

झोरकाबाईंनी पोस्टर उचललं, शेजारच्या छत्रीखाली नेलं, परत उन्हात आणलं. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. नारिंगी उजेडात चेरी टोमॅटो झाली आणि त्या कागदातला पिवळा काढत बसल्या, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अख्ख्या कॅफेच्या देखत त्या बाबांना म्हणाल्या, "लोइझे, तुमचा पहिला नमुनाच बरोबर होता. मी गाढव ठरले. आणि तुमची पोरगी माझ्या सगळ्या समितीपेक्षा शहाणी आहे." मग त्यांनी तिघांसाठी आइस्क्रीम मागवलं आणि बैठकीत सगळं खरं खरं सांगायचं कबूल केलं.

बाबा नुसता पोस्टरवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवी पोस्टरं लागली. चेरी अशा लाल, की बेकरीवाल्याच्या पोरानं काचेला जीभ लावली. सगळे वाहवा करत होते. बाबा मात्र भुवया आक्रसून पोस्टरपाशी वाकले.

"टोपलीच्या कडेला निळा केसभर जास्त झालाय."

टिलेननं पाहिलं. ब्रिनानं नाक टेकवून पाहिलं. झोरकाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. कुणालाच काही दिसेना.

"मला दिसतोय ना," बाबा कुरकुरले आणि दुरुस्ती करायला तरातरा छापखान्याकडे निघाले. नेझाला मुळीच दिसला नव्हता तो निळा. ती हसत त्यांच्यामागे धावली.