भिंगरीच्या गाडीचा क्लच

ही गोष्ट मी काकांच्या तोंडून चार-पाच वेळा ऐकली आहे. काकूच्या तोंडून एकदाच.

दोघंही थापा मारणारी माणसं नव्हेत. काका गेल्या वर्षी गेले, म्हणून आता लिहितोय. ते असते तर एक अक्षर लिहिलं नसतं.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. रविवार होता. दुपारचे अडीच-तीन. घरासमोरची पत्र्याची शेड आणि डोळे दिपवणारं ऊन...

काका टर्नर होते. चौतीस वर्षं कारखान्यात लेथच्या खडखडाटात काढून निवृत्त झालेले. एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे, मोठी झाली तरी तेच नाव राहिलं. भिंगरी एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी सहाला मोटरसायकल काढायची आणि घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची.

गाडीचं सगळं काम बापलेक घरीच करायचे. काका खाली बसून पाने फिरवणार, आणि भिंगरी पलीकडे हँडलपाशी उभी राहून ते सांगतील तसं क्लच दाबणार, सोडणार, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवणार.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, क्लच घसरतोय. चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे जात नाही."

"प्लेटा झिजल्या असतील. रविवारी बदलू."

प्लेटा आणल्यासुद्धा. पण पहिल्या रविवारी इंजिनच्या झाकणाचं पॅकिंग मिळालं नाही. दुसऱ्या रविवारी पाहुणे टपकले. तिसऱ्या रविवारी जेवून काका जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा अंधारून आलं होतं.

"उठवायचं नाही का गं मला?"

"इतके छान घोरत होतात, बाबा! राहू दे हो, पुढच्या रविवारी करू."

तो पुढचा रविवार तिने पाहिला नाही.

गुरुवारी सकाळी चढावर ती एका ट्रकला ओलांडत होती. समोरून भरधाव टेम्पो आला.

चूक टेम्पोची ठरली. क्लचचं कोणी नावही काढलं नाही. पण ट्रकचा ड्रायव्हर भला माणूस. आठवड्याने घरी येऊन ओक्साबोक्शी रडला.

म्हणाला, "गाडी नुसती ओरडत होती हो... पण पुढे सरकत नव्हती."

काकूला वाटलं, बिचारा मन मोकळं करून गेला. काकांच्या मात्र काळजात ते वाक्य रुतून बसलं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. काकू विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही."

पोलिसांनी परत दिलेली गाडी चार महिने शेडमध्ये उभी होती; पुढचं चाक तेवढं वाकलं होतं. तिला कोणी हात लावला नाही.

मग एका शनिवारी काकांनी प्लेटांचं पाकीट काढलं. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. काकूने एका शब्दाने न विचारता स्वयंपाकघरातलं पातेलं काढून दिलं.

रविवारी काका शेडमध्ये बसले. ऑइल काढलं. उजव्या बाजूचं झाकण उघडलं. स्प्रिंगा सोडवल्या आणि जुन्या प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या.

जळका, कडवट वास आला...

काकांनी व्हर्नियर लावून पहिल्या प्लेटची जाडी मोजली. कच्च्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे तो. पुन्हा मोजली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

सगळ्या संपलेल्या. काळ्या ठिक्कर पडलेल्या.

अशा प्लेटांवर गाडी चढाला उचलणारच नाही.

ती कधीपासून तशी चालवत होती? आणि ते झोपले होते...

मग त्यांनी नव्या प्लेटा बसवायला घेतल्या. ते मला म्हणाले होते, "कोणासाठी बसवतोय ते कळत नव्हतं रे. पण बसवायच्या म्हटलं होतं ना तिला."

प्लेटा बसल्या. झाकण लागलं. नवं ऑइल भरलं. गाडी मधल्या स्टँडवर होती. काकांनी हाताने पहिला गिअर टाकला आणि मागच्या चाकाशी येऊन बसले.

गाडी गिअरमध्ये असली की चाक अडतं. क्लच दाबला की मोकळं फिरतं. तेवढंच बघायचं होतं.

काकांनी चाकावर हात ठेवला. चाक अडलेलं होतं. काम करताना जे वीस वेळा तोंडातून निघायचं, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"दाब."

आणि चाक फिरलं...

काकांचा हात चाकाबरोबर पुढे गेला. ते जागच्या जागी थिजले. सीटच्या आणि टाकीच्या पलीकडे कोणी दिसत नव्हतं. फक्त ऊन.

कुठून तरी स्पिरिटचा वास आला. भिंगरी कामावरून आली की तिच्या हातांना यायचा, तसा...

तरी ते म्हणाले, "सोड."

चाक अडलं.

"दाब."

चाक मोकळं.

"सोड."

अडलं.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण हातातलं काम चोख झालं होतं आणि सवय मोठी वाईट. ते हसून बोलून गेले, "झालं गं, बास."

मग त्यांना एकदम आठवलं की विचारायचं तर राहिलंच.

"भिंगरे... माझ्यामुळे झालं का गं?"

काहीच नाही.

"माझ्यामुळे झालं असेल तर दाब. मी काही म्हणणार नाही. दाब, बाळा."

चाक अडलेलंच राहिलं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला. पुन्हा विचारलं, पुन्हा जोर लावला. ऊन उतरलं, शेडमध्ये सावली आली... चाक हललं नाही.

मग काका उठून हँडलपाशी गेले. क्लचच्या लिव्हरला त्यांनी अजून हात लावला नव्हता. चार महिन्यांची धूळ होती तिच्यावर.

त्या धुळीत दोन बोटांचे ठसे होते.

"ती दोनच बोटांनी दाबायची," काका मला सांगायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. "मी स्पष्ट विचारलं. तिने दाबलं नाही. म्हणजे माझ्यामुळे नाही. तुला काय वाटतं?"

"नाहीच, काका," मी म्हणायचो. काकू तेव्हा काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची.

काका गेले त्या आठवड्यात एका दुपारी काकू स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. खिडकीतून शेड दिसत होती. फाटकही.

"त्या दिवशी मी इथेच उभी होते," ती म्हणाली. "दाब, सोड ऐकू आलं. म्हटलं, यांचं डोकं फिरलं की काय. चाक फिरताना मी पण पाहिलं रे."

तिने खिडकीतून फाटकाकडे बोट केलं.

"मग हे म्हणाले, झालं गं, बास. आणि लगेच चपला वाजल्या... फाटकाची कडी आपोआप उचलली गेली. फाटक उघडलं, लागलं. यांनी विचारलं ते त्याच्या नंतर. झालं म्हटल्यावर ती पोरगी कधी क्षणभर तरी थांबली होती का?"

"काकांना कडी ऐकू आली नाही?"

"लेथने कान गेलेले त्यांचे."

"तू सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? त्या रात्री चार महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले ते."

आता काका जिथे असतील तिथे त्यांनी तिला पुन्हा विचारलं असेल का... ती काय म्हणाली असेल... हा विचार आला की माझी झोप उडते.

काकूने हे सांगितलं त्या दिवशी निघताना मी फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली.

दारातून काकूचा आवाज आला, "राहू दे. नको लावूस."