चौथी खिडकी

मंगळवार पेठेतली गुळाची जुनी वखार सकाळी आठ ते पावणेनऊ एवढाच वेळ रंगवण्यासारखी असते. त्या पाऊण तासात ऊन तिच्या दगडी भिंतीवरून सावकाश उतरतं, मग सगळं पांढरंफटक. २००२च्या मार्गशीर्षात मी रोज समोरच्या फरशीवर ईझल, म्हणजे चित्राची तिपाई, मांडायची. जागा चुकू नये म्हणून त्याच्या तीन पायांच्या खुणा खडूनं करून ठेवल्या होत्या.

मला कुणी शिकवलेलं नाही. वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून मी एकच नियम उचलला: खिडकीला खिडकी म्हणायचं नाही. दिसतो तो रंगाचा ठिपका ठेवायचा, जांभळा तर जांभळा, आणि पुढे जायचं. जवळून चित्र म्हणजे नुसती सांडलेली चटणी. दहा पावलं मागे गेलं की त्यातून इमारत उभी राहते.

त्या मंगळवारी मी दहा पावलं मागे गेले. वरच्या मजल्यावरच्या पाच खिडक्यांपैकी चौथी उघडी होती. चित्रात.

वखारीकडे पाहिलं. पाचही बंद. हिरव्या फळ्या, त्यावर कबुतरांची घाण.

चित्रातली चौथी खिडकी रंगाच्या सुरीनं खरवडली. बुधवारी पुन्हा प्रामाणिकपणे, ईझलपाशी दिसले तेच ठिपके ठेवले: पिवळा, थोडा गुलाबी, मधे निळसर. मागे गेले. उघडीच. निळसर ठिपका माणसाएवढा उंच होता, हे जवळून कळलं नव्हतं. पुन्हा खरवडलं.

गुरुवारी परत रंगवलं, तर तो ठिपका चौकटीपाशी आला होता.

घरी सांगितलं. आमचे धैर्यशीलराव शिरोलीच्या फौंड्रीत. लोखंड किती तापलंय ते नुसत्या रंगावरून सांगतात, त्यामुळे रंगांबाबत त्यांचा शब्द घरात शेवटचा.

"तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू व्हायला लागलाय," ते म्हणाले. "दाखवून ये. तवर हे तेलाच्या रंगांचं नाटक बंद."

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती डोळ्यांवर चालत होती.

म्हणून शुक्रवारी वखारीच्या पायरीवर भाजी विकणाऱ्या झुंबरबाईंना मी ईझलपाशी, माझ्या जागी उभं केलं.

"ती चौथी खिडकी. काय रंग दिसतो?"

"हिरवा. बंद हाय की."

"मधे पिवळं, निळं काही?"

"न्हाय वो वैनी. न्याहारी केलीसा का सकाळी?"

मी नियम मोडला. मला दिसत होतं ते सोडून त्यांनी सांगितलेला हिरवा घेतला आणि त्या निळसर ठिपक्यावर सुरीनं जाड थापला. थापताना हाताला थोडा उलटा जोर लागला. ताणलेला कॅनव्हास हात तसा मागे ढकलतोच.

दहा पावलं मागे. खिडकी बंद.

इतकं बरं वाटलं की झुंबरबाईंकडून नको असताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

तैलरंग लवकर वाळत नाही. चित्र घरी, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. रविवारी सकाळी धैर्यशीलराव चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर थांबले.

"बोटं कुणी लावली?"

मी चष्मा लावला. ओल्या हिरव्यात पाच बोटं. माझी बोटं शेजारी धरली. माझी आखूड होती.

त्यांनी कॅनव्हास उजेडात तिरका केला. बोटांचे खड्डे नव्हते. उंचवटे होते.

मागून पाहिलं. कोरं, कोरडं कापड.

"आतनं दाबल्यागत दिसतंय," ते म्हणाले. कप खाली ठेवला. "तुला काय दिसत हुतं तिथं? खरं सांग."

डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मी सुरी घेतली. आत कोण होतं, कधीपासून, मला काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की माझे डोळे बरोबर होते आणि फळी मी लावली होती.

सुरी हिरव्याला लागायच्या आधीच उंचवटे आत बसायला लागले. आधी करंगळी, मग एकेक, सुरीला वाट करून दिल्यासारखे.