अकरा घरं

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते, खुर्चीला खुर्ची लावून. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मागच्या वर्षीचा एक मंगळवार. भर दुपारचे तीन. आत्याच्या घरातली कामाची खोली.

माझी आत्या पुस्तकांसाठी जुन्या लढायांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढते. टेकड्या, ओढे, तोफांच्या जागा... सगळं मोजूनमापून. त्या दिवशी एक नकाशा हातावेगळा करायचा होता. सेनापतीच्या अहवालात लिहिलं होतं, की तोफा डागल्या तो उतार अगदी मोकळा होता. पण आत्याला लढाईच्या आधीचा जमीनमोजणीचा कागद मिळाला होता. त्यात त्याच उतारावर अकरा घरं होती.

तिने नकाशावर वेगळा लेअर, म्हणजे पारदर्शक थर, घेतला आणि त्यात अकरा चौकोन काढले.

पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज थांबला.

रस्त्यावरचे हॉर्नही बंद.

मग मागे पावलं वाजली. जड बुटांची. दारापासून... थेट आमच्या खुर्च्यांपर्यंत.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

स्क्रीनवरचं एक घर गेलं. मग दुसरं...

आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने ‘अनडू’ दाबून पाहिलं. काहीच परत येईना, जणू तिथे कधी काही काढलंच नव्हतं. शेवटचं घर गेलं आणि त्या रिकाम्या जागी एकेक अक्षर उमटायला लागलं...

येथे कोणी राहत नव्हते.

तिची बाही ओढून मी म्हणाले, ऊठ, चल इथून. ती हलली नाही. तिच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिलेले मला दिसत होते.

“पुसा तुम्ही,” मागे न बघता ती म्हणाली. “मी परत काढते. बघू कोण आधी दमतं.”

तिने काढली. घरं गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. असं सहा वेळा. सातव्यांदा तिने अकरावा चौकोन पुरा केला...

घरं राहिली.

अगदी कानाशी कोणीतरी लांब श्वास सोडला... आणि पंखा घरघरायला लागला.

तिने फाइल तिथल्या तिथे छापखान्यात पाठवली. पुस्तक आलं, अकराच्या अकरा घरं घेऊन.

आता कुठल्याही लढाईच्या नकाशात ती आधी घरंच काढते. भीती नाही का वाटत, मी विचारलं.

“वाटते ना,” ती म्हणाली. “म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करते.”

ते नक्की कोण होतं, आजवर कळलं नाही. त्या खोलीत मी दाराकडे पाठ करून बसत नाही.

ती मुद्दाम बसते.