हरिबा मामांचा पासवर्ड

कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करायची तर नाक आणि घड्याळ दोन्ही शाबूत हवीत. गौतमीचं नाक पहिल्याच वर्षी कामातून गेलं. घड्याळ मात्र पक्कं होतं. सकाळी दौंडहून कंपनीची बस, संध्याकाळी परत. केमिकलचा मध्यम कारखाना, कॉम्प्युटर पंचवीस आणि ते सांभाळणारी ही एकटी. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तिच्याच नावानं हाकाटी व्हायची.

तिच्या सर्व्हरवर एक जुना फोल्डर होता. कारखान्यातल्या कुठल्या टाकीत काय आहे, ते अंगावर उडालं तर काय करायचं, याचं एकेक पान त्यात होतं. पाबळचे हरिबा मामा तीस वर्षं प्रथमोपचाराची खोली सांभाळत होते. त्यांच्या शेजारी बसून तिनं ही पानं सर्व्हरवर चढवली होती. प्रत्येक पान मामा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेत.

"कागद उघडा पायजे, पोरी," ते म्हणायचे. "कपाटातल्या औषदानं कुनी बरं झालंय का?"

पुढच्याच वर्षी मामा गेले.

यंदा जानेवारीत तपासणीवाले आले. त्याच फोल्डरात गिऱ्हाइकांचे फॉर्म्युले आहेत आणि ते बाहेरच्या कुणालाही दिसतात, असं त्यांनी साहेबांना दाखवून दिलं. शुक्रवारी दुपारी गौतमीनं फोल्डरला पासवर्ड लावला. आता उघडायला गेलं की आधी एक चौकट यायची, नाव आणि पासवर्ड विचारायची. यादीतलं नाव असेल तरच दार उघडणार. यादीत तिनं दोन नावं घातली, एक स्वतःचं आणि एक लॅबचं. वरच्या फोल्डरला कुलूप घातलं की आतल्या सगळ्या फोल्डरांना ते आपोआप लागतं, हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. टाक्यांची पानं त्याच फोल्डरच्या पोटात आहेत, हे मात्र तेव्हा नेमकं आठवलं नाही. पट्टीचा पोहणारा बुडतो तो असा.

शनिवारी ती मामेबहिणीच्या साखरपुड्याला शिरूरला गेली. परतताना एसटी न्हावऱ्याला थांबली तेव्हा तिनं पर्समधला फोन काढला. सिंधूबाईंचे नऊ मिस्ड कॉल होते. सिंधूबाई म्हणजे मामांच्या खोलीत नव्यानं आलेल्या नर्स.

"सात नंबरचा पाइप फुटला, ताई. टाकीवरल्या ईश्वरच्या दोनी हातांवर उडालं."

सात नंबरच्या टाकीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. ते नुसत्या पाण्यानं धुऊन भागत नाही. कॅल्शियमची जेली चोळावी लागते, नाहीतर हाडापर्यंत पोचतं, प्रसंगी काळीज बंद पाडतं. सिंधूबाईंना येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हे सगळं त्या पानावर होतं आणि पान कुलपात होतं.

"पान... पान उघडलं का?"

"उघडंच व्हतं की! ईश्वरला आणला तवा समोर स्क्रीनवर. वाचून जेली चोळली, मग दवाखान्यात धाडला. डाक्टर म्हनलं, हात वाचलं आन् जीव बी वाचला. तुमी आठवणीनं उघडून ठिवलंत, लई उपकार झालं बगा."

गौतमी सीटवर टेकली आणि पदरात तोंड घालून रडली. शेजारची बाई तिला पाणी देत राहिली.

सोमवारी तिनं सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग उघडला. कुणी, कधी, काय उघडलं ते त्यात आपोआप उतरतं. शनिवार, दुपारी तीन एकतीस. प्रथमोपचार खोलीचा कॉम्प्युटर, सात नंबर टाकीचं पान. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'हरिबा'.

पाइप फुटला होता तीन बेचाळीसला.

तिनं यादी पुन्हा पाहिली. दोनच नावं होती. दोन नावं मोजताना कुणी चुकत नाही.

सांगायचं कुणाला? साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ईश्वरची आई, सोजराबाई, हुलग्याच्या शेंगोळ्यांचा डबा घेऊन गेटवर आली. "माज्या लेकराचं हात तुमच्यामुळं ऱ्हायलं," म्हणत तिनं गौतमीचे हात कपाळाला लावले. चूक आपली आणि पुण्य दुसऱ्याचं, हे गौतमीला ठाऊक होतं. तो घास काही तिच्या घशाखाली उतरेना. रोज कॉम्प्युटर सुरू करताना ती मनात म्हणे, मामा, तुमचे उपकार.

साहेबांनी कुलूप काढू दिलं नाही. यादीत सिंधूबाईंचं तिसरं नाव चढलं.

सव्वा महिन्यानं ईश्वर कामावर परतला. हलकं काम म्हणून त्याला चार नंबरच्या टाकीवर ठेवलं होतं. दुरून त्यानं हात हलवला, नवी गुलाबी कातडी आलेला. गौतमीचं मन भरून आलं. उपकार फेडता येत नाहीत, पण निदान मान तरी द्यावा. जेवणाच्या सुट्टीनंतर तिनं यादीत चौथं नाव घातलं, हरिबा. पासवर्ड म्हणून त्यांचं गाव लिहिलं आणि बटण दाबलं.

नवं नाव घातलं की सर्व्हर उत्तर देतो, 'नाव जोडलं.'

या वेळी उत्तर आलं, 'पासवर्ड बदलला.'

ती पाहत राहिली. जे नाव यादीत नव्हतं, त्याचा पासवर्ड बदलला कसा?

शेजारी लॉग उघडा होता. त्यात एक ओळ उमटली.

हरिबा. चार नंबर टाकीचं पान. प्रवेश नाकारला.

पुन्हा तीच ओळ.

पुन्हा.

मामांना किल्ली द्यायला गेली होती ती. होती तीच काढून घेतली होती.

तिनं फोल्डरचं कुलूपच काढून टाकलं. पुढच्या ओळीला पान उघडलं. मग लॉग शांत झाला.

तिनं चार नंबरच्या शेडला फोन लावला.

"बोला, ताई." ईश्वरच होता.

"आत किती जण आहात?"

"पाच. का वो?"

"सगळे बाहेर या. आत्ता."

"साहेब म्हनले का?"

"नाही. हरिबा मामा म्हणतायत. सात नंबरचं पानसुद्धा त्यांनीच उघडलं होतं, ईश्वर. मी नाही."

पलीकडे ईश्वर ओरडला, "चला रं, भायेर!"

खिडकीतून तिला शेड दिसत होती. एक आला. दोन. तीन, चार. शेवटी ईश्वर उन्हात येऊन उभा राहिला. पाचही जण धडधाकट होते. गौतमीनं हात जोडले.

घाईत ईश्वरनं फोन ठेवला नव्हता. रिसीव्हर तिच्या खांद्यावर होता.

शेडचं पत्र्याचं दार, कुणी हात न लावता, हळूहळू बंद होताना तिनं पाहिलं. मग रिकाम्या शेडमधून, कानाशी, आतून कडी घातल्याचा आवाज आला.